शिडीपाशी ठेवलेलं पाणी

नमस्कार श्रोतेहो. आज माहुली गडाविषयी बोलायचंय. पावसाळ्यातली हिरवी माहुली तुमच्यापैकी बऱ्याच जणांनी पाहिली असेल. मी बोलणार आहे ती मार्चमधल्या करपलेल्या माहुलीविषयी.

ठाण्याहून पहाटेची कसारा गाडी धरायची, आसनगावला उतरायचं, रिक्षानं माहुली गाव गाठायचं. समोरचा डोंगर सुमारे २८०० फूट. माहुली, भंडारगड आणि पळसगड, असे तीन गड एकाच डोंगरावर. पावसाळ्यात इथं धो धो कोसळतो, आणि मार्चमध्ये वाटेवर घोटभर पाणी मिळत नाही. काळा कातळ पाणी फारसं मुरू देत नाही, सगळं ओढ्यांनी वाहून जातं. झाडं पानं टाकतात, सावली जाते, दहा वाजले की दगड तापतो. तेव्हा आपला हा डोंगर वाळवंटच असतो, असं धरून चला.

पाणी माणशी चार लिटर. पुन्हा सांगते, चार. लिंबू, मीठ, साखर तुमच्या घरात आहेच, ते मी सांगायला नको.

शहाजीराजांनी १६३६ साली याच गडाच्या आश्रयानं मोगल आणि आदिलशाही फौजांना तोंड दिलं. वेढ्यात गड तगतो तो टाक्यांवर, आणि ती कातळात खोदलेली टाकी आजही वर आहेत. ठाण्यातल्या शाळा मुलांच्या सहली वॉटर पार्कला नेतात, याचं मला फार वाईट वाटतं. ज्या पोराला आपल्याच जिल्ह्यातलं टाकं ठाऊक नाही, त्याला घसरगुंडीवरून सोडलेलं पाणी कशाला दाखवायचं? असो.

माथ्याजवळची लोखंडी शिडी चढून वर गेलं की मळलेली वाट आहे. भंडारगडाकडे वळलात की कारवी लागते आणि वाट तिच्यात हरवते. तिथून पुढं आपणच माग काढायचा. कारवीचा आधार घ्यायचा तर मुळाशी धरा, वाळका दांडा हातात येतो. वाळल्या गवताखाली घसारा असतो, तेव्हा आधी पाऊल रुतवा, मग भार टाका. आणि दर वळणावर मागं वळून बघा. चढताना पाहिलेला डोंगर उतरताना ओळखू येत नाही. म्हणून मागं वळून बघा.

आम्ही बघितलं नव्हतं.

मी, माझ्या नणंदबाई आणि त्यांचा कॉलेजातला मुलगा, असे तिघं गेलो होतो. वरची टाकी हिरवी झालेली असणार हे ठाऊक होतं, म्हणून चढताना शिडीच्या पायथ्याशी एका कपारीत तीन बाटल्या दडवल्या, परतीसाठी. ओझं कमी झालं. भंडारगडाचं टोक गाठलं, समोर वजीर सुळका पाहिला, भाकरी खाल्ली. दुपारी एकला परत निघालो आणि कारवीत वाट चुकली. अर्ध्या तासानं एका घळीच्या तोंडाशी आलो. खाली गावाची कौलं दिसत होती.

भाचा म्हणाला, "मामी, गाव दिसतंय की! इथूनच उतरू."

ढोरवाटही होती. आम्ही उतरलो. घळीत वारा पडलेला, दोन्हीकडून कातळाची धग. पाऊण तासानं ढोरवाट एका बाजूला झाडीत विरली आणि ओढा संपला. संपला म्हणजे, पुढं सरळ कडाच. पावसाळ्यात तिथून धबधबा पडत असणार. कौलं अजून तशीच दिसत होती, जरा मोठी.

आमच्या तिघांत मिळून अर्धी बाटली उरली होती. बाकीचं पाणी शिडीपाशी, म्हणजे आमच्या डोक्यावर.

भाचा कड्याच्या बाजूनं खाली वाट शोधू म्हणत होता. मी नणंदेकडे पाहिलं. एरवी घोडबंदर रोडवरच्या खड्ड्यांपासून साबुदाण्याच्या भावापर्यंत अखंड बोलणारी बाई गप्प होती, आणि चेहरा कोरडा ठणठणीत. मी घाबरले. एका खडकाच्या सावलीत त्यांना बसवलं, उरलेलं सगळं पाणी त्यांनाच पाजलं, ओढणीनं वारा घातला. वीस मिनिटांनी म्हटलं, "वन्सं, वर जायचंय. जमेल?" त्यांनी नुसती मान हलवली.

वर. जिथून आलो तिथंच. गाव दिसतं म्हणजे वाट असते असं नाही, श्रोतेहो, गाव दिसतं म्हणजे फक्त गाव दिसतं. दहा पावलं चालायचं, थांबायचं. घळीच्या तोंडाशी आल्यावर भाच्याला सकाळी फोटोत घेतलेलं एक वाकडं झाड दिसलं आणि वाट सापडली. शिडी उतरायला साडेचार वाजले.

बाटल्या कपारीत होत्या. पाणी चहासारखं तापलेलं. वन्संनी एक घोट घेतला, दुसरा घेतला, आणि म्हणाल्या, "अगं, हे तर गरम आहे."

दोन तासांनी ऐकलेला त्यांचा तो पहिला शब्द. मी तिथंच शिडीला टेकून रडले.