द्वेषाचा हेतू आणि फिर्यादीतलं एक वाक्य

पत्रिकेवर विषय छापलाय, ‘द्वेषातून झालेल्या गुन्ह्यात हेतूला शिक्षा असावी का?’ असावी, असं माझं ठाम मत आहे. पण त्याआधी फिर्याद कशी लिहिली जाते ते बघू, कारण हेतू कोर्टात पोचतो किंवा अडकतो तो तिथेच.

अ‍ॅट्रॉसिटीच्या फिर्यादीत एक वाक्य हमखास सापडतं: ‘आरोपीने मला जातीवाचक शिवीगाळ करून मारहाण केली.’ मागच्या रांगेतली वकील मंडळी हसताहेत, हे वाक्य त्यांच्या चांगलंच ओळखीचं आहे. पुरावा म्हणून त्यात काहीच नाही. शब्द कोणता? कोण बोललं? पहिला फटका पडण्याआधी की नंतर? घरात की रस्त्यावर? ऐकलं कुणी? अपमानाच्या कलम ३(१)(आर) आणि (एस) यांना तर प्रसंग चार लोकांच्या नजरेसमोर घडल्याची अट आहे. चाळीच्या गॅलरीत शेजारी उभे होते, एवढंसुद्धा फिर्यादीत येत नाही.

असं का होतं? तो घाणेरडा शब्द उच्चारायची फिर्यादीला लाज वाटते, लिहायचा अंमलदाराला संकोच वाटतो, आणि ‘जातीवाचक’ या एका शब्दावर दोघांचीही सुटका होते. चार दिवसांनी पुरवणी जबाबात तो शब्द येतो. उलटतपासणीत बचावाचे वकील दोन्ही कागद शेजारी ठेवतात: ‘हे पहिल्यांदा सांगितलं होतं का?’ तपास अधिकाऱ्याच्या तोंडून ओमिशन, म्हणजे पहिल्या जबाबातून राहून गेलेली गोष्ट, शाबीत होतं, आणि साक्षीदाराने मागाहून भर घातली असा निष्कर्ष निघतो. म्हणून शिवी जशीच्या तशी, बोललेल्या भाषेत, अवतरणचिन्हांत लिहून घ्या. मोबाईलवर चित्रण असेल तर फॉरवर्ड झालेल्या प्रतीवर विसंबू नका. मूळ फोन पंचनाम्याने जप्त करा आणि भारतीय साक्ष अधिनियमाच्या कलम ६३(४)चं प्रमाणपत्र हॅश व्हॅल्यूसकट (फाइल बदललेली नाही हे दाखवणारा आकडा) जोडा. चित्रणात हाणामारीइतकाच आवाजही महत्त्वाचा असतो.

एवढं करूनही एक भिंत उरते. खैरलांजी, सप्टेंबर २००६. एका दलित घरातली आई, मुलगी, दोन मुलगे ठार. खून शाबीत झाले, पण अ‍ॅट्रॉसिटीचं कलम भंडाऱ्याच्या कोर्टातही टिकलं नाही आणि २०१० साली नागपूर खंडपीठासमोरही नाही. कारण म्हणे सूड. मला हे मुळीच पटत नाही. सूड आणि जात एकाच माणसाच्या डोक्यात सुखाने नांदतात. हाच राग सवर्ण शेजाऱ्यावर असता तर सगळं घरदार संपवायला जमाव जमला असता का?

चिठ्ठी आली आहे, दहा मिनिटं उरलीत. कबूल केलेला युक्तिवाद आता भरभर मांडतो.

पहिला आक्षेप: ही विचाराला शिक्षा आहे. नाही. मनात द्वेष बाळगणाऱ्याला कुणी हात लावत नाही. बळी कसा निवडला याची ही शिक्षा आहे. विस्कॉन्सिन विरुद्ध मिचेल खटल्यात अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने १९९३ साली वाढीव शिक्षा याच धर्तीवर कायम केली. २००० साली अप्रेंडी खटल्यात त्याच न्यायालयाने सांगितलं की कमाल मर्यादेपलीकडे शिक्षा न्यायची तर हेतू ज्युरीसमोर निःसंशय सिद्ध करा. हा पहारा मला हवाच आहे.

दुसरा आक्षेप: मन कोण वाचणार? वाचायची गरजच नाही. इंग्लंडच्या १९९८च्या क्राइम अँड डिसऑर्डर अ‍ॅक्टमधलं कलम २८ बघा. गुन्ह्याच्या वेळी, लगेच आधी किंवा लगेच नंतर वैरभाव *दिसला* तरी पुरे. त्याच्या पोटकलम (३)प्रमाणे जोडीला दुसरं कारण असलं तरी फरक पडत नाही. आपल्याकडे हेच पोटकलम हवं. आपण २०१६पासून अ‍ॅट्रॉसिटीच्या ३(२)(पाच)मध्ये ‘जातीच्या कारणावरून’ऐवजी ‘जात माहीत असताना’ असं केलं. शाबीत करणं सोपं झालं, पण द्वेषाची नोंद निकालातून गेली.

आणि भारतीय न्याय संहितेचं कलम १०३(२)? पाच किंवा अधिक जणांच्या गटाने वंश, जात, भाषा, जन्मस्थान अशा कारणावरून केलेला खून. यादीत ‘धर्म’ हा शब्द नाही. तो ‘समुदाय’ किंवा ‘वैयक्तिक श्रद्धा’ यांत बसवावा लागतो. शिक्षा फाशी किंवा जन्मठेप, म्हणजे साध्या खुनाचीच. जबर दुखापतीच्या ११७(४)मध्येही कमाल सात वर्षं, तीसुद्धा ११७(२)इतकीच. गटातल्या प्रत्येकाला जबाबदार धरलं जातं हा फायदा मोठा आहे, पण हेतूमुळे शिक्षेची मर्यादा एका दिवसानेही वाढत नाही. आणि मारणारे चौघेच असतील तर हे कलम लागतच नाही. ही पाचाची अट आधी काढायला हवी. आता प्रश्न विचारा.