फॉर्मवरचं खरं उत्तर

श्रोतेहो, नमस्कार.

रक्तदान शिबिरात सुई टोचण्याआधी आम्ही तुमच्या हातात एक फॉर्म देतो. कावीळ झाली होती का, टॅटू काढलाय का, नव्या जोडीदाराशी शरीरसंबंध आले का, असले प्रश्न त्यात असतात. बरेच जण मित्राशी बोलता बोलता सगळीकडे ‘नाही’ लिहितात आणि सही करून मोकळे होतात. रक्तपेढीत काम करताना मला सर्वांत जास्त धाकधूक वाटते ती याच एका मिनिटाची.

“अहो, पण रक्त तपासताच ना तुम्ही?” हो, तपासतो. एचआयव्ही, हिपॅटायटिस बी, हिपॅटायटिस सी, सिफिलिस आणि मलेरिया, या पाच तपासण्या झाल्याशिवाय एकही पिशवी बाहेर जाऊ द्यायची नाही, असा कायदाच आहे. पैसे घेऊन रक्त विकणंही सर्वोच्च न्यायालयाच्या १९९६ च्या निकालानंतर, १ जानेवारी १९९८ पासून बंद झालं. फार मोठं काम झालं ते.

तरीही एक फट उरते. विषाणू अंगात शिरला म्हणून दुसऱ्या दिवशी तपासणीत सापडत नाही. नेहमीच्या एलायझा चाचण्या मुख्यतः शरीरानं विषाणूविरुद्ध तयार केलेली प्रतिपिंडं शोधतात, आणि ती तयार व्हायला वेळ लागतो. एचआयव्हीला साधारण तीन आठवडे, हिपॅटायटिस सीला तर दोन महिनेही. या काळाला आम्ही ‘विंडो पीरियड’ म्हणतो. माणूस ठणठणीत, रिपोर्ट निगेटिव्ह, आणि पिशवीत मात्र विषाणू. नॅट ही तपासणी थेट विषाणूच शोधते, त्यामुळे एचआयव्हीच्या बाबतीत हा काळ दहा-बारा दिवसांवर येतो. पण तो शून्य होत नाही, आणि नॅट सगळ्या रक्तपेढ्यांत होतही नाही. त्या दिवसांत काय घडलं होतं, हे फक्त तुम्हालाच ठाऊक असतं.

एका पिशवीतून लाल पेशी, प्लाझ्मा आणि प्लेटलेट वेगळे करून तीन रुग्णांना देता येतात. थॅलेसेमिया हा रक्ताचा आजार असलेल्या मुलाला दर दोन-चार आठवड्यांनी रक्त लागतं. दहा वर्षांत शंभराहून जास्त पिशव्या. म्हणजे शंभरावर अनोळखी माणसांच्या खरेपणावर ते पोर वाढत असतं.

म्हणून विनवते, एचआयव्ही आहे का हे कळावं म्हणून रक्तदानाला येऊ नका. सरकारी रुग्णालयात ती तपासणी मोफत होते आणि गुप्तही राहते. मंडळाच्या कार्यकर्त्यांनो, रक्तदात्याला मिक्सर, हेल्मेट देऊ नका. वस्तूच्या ओढीनं माणूस नको ते लपवतो. आणि घरचं कुणी ॲडमिट असताना “तू का देत नाहीस?” असं भावाला, मेहुण्याला चारचौघांत विचारू नका. त्याच्याकडे कारण असेल, आणि ते तुमच्यासमोर सांगता येत नसेल.

रक्त देऊन घरी गेल्यावर काही आठवलं, किंवा चारचौघांत सांगायचं धाडस झालं नव्हतं, तर रक्तपेढीला फोन करा. “माझं रक्त वापरू नका” एवढंच म्हणा. पण फोन त्याच दिवशी करा. लाल पेशी फ्रीजमध्ये पाच-सहा आठवडे राहतात. प्लेटलेट मात्र पाचच दिवस टिकतात, आणि बहुतेकदा त्याआधीच कुणाला तरी चढवलेल्या असतात.