वर्गात पोहोचलेला डबा

(दृश्य : कारखान्यातला पट्टा. डब्यांवर झाकणं बसत जातात.)

कुत्र्यामांजरांच्या खाद्याच्या या पत्र्याच्या डब्याची सुरुवात कारखान्यात झाली नाही. ती झाली एका दवाखान्यात.

1930 चं दशक संपत आलं होतं. अमेरिकेत, न्यू जर्सीमध्ये डॉ. मार्क मॉरिस प्राण्यांवर उपचार करत. मॉरिस फ्रँक हे अंध गृहस्थ आपल्या वाटाड्या कुत्र्याला, बडीला, त्यांच्याकडे घेऊन आले. बडीची मूत्रपिंडं निकामी होत चालली होती. डॉक्टरांनी त्याचं खाणंच बदललं. प्रथिनं आणि मीठ बेताचं ठेवलं. बडीला उतार पडला.

(दृश्य : काचेच्या बरण्या, कृष्णधवल छायाचित्रं.)

फ्रँक सतत प्रवासात असत. मॉरिस पती-पत्नी घरच्या स्वयंपाकघरात ते अन्न शिजवून बरण्यांत भरत आणि पाठवत. बरण्या वाटेत फुटत. म्हणून पत्र्याचे डबे आले. मागणी वाढतच गेली, आणि 1948 मध्ये कॅन्ससमधल्या टोपेका इथल्या हिल पॅकिंग कंपनीशी करार झाला. आजाऱ्यांसाठीच्या त्या डब्यावर नाव आलं : के/डी. इथवरची गोष्ट एका पशुवैद्याच्या कळकळीची आहे, आणि ती तशीच सांगायला हवी.

1976 मध्ये हीच कंपनी, म्हणजे हिल्स, कोलगेट-पामोलिव्हच्या मालकीची झाली.

(दृश्य : व्याख्यानाचा वर्ग. मग टेबलावरचं जाडजूड पुस्तक.)

आता या वर्गात या. कुत्र्यामांजरांच्या आहारावरचं हे पाठ्यपुस्तक पशुवैद्यकाचे विद्यार्थी वर्षानुवर्षं वापरत आले. प्रकाशक : मार्क मॉरिस इन्स्टिट्यूट. लेखकांच्या यादीत हिल्सचे शास्त्रज्ञ. पुस्तकात अभ्यास आहे, मेहनत आहे. पण ज्याचं अन्न विकायचं आहे, त्यानंच अन्नाचा धडा लिहावा का? अमेरिकेतल्या अनेक पशुवैद्यकीय महाविद्यालयांत कंपन्यांचे विद्यार्थी-प्रतिनिधी असतात. विद्यार्थ्यांना त्यांच्या घरच्या प्राण्यांसाठी सवलतीत खाद्य मिळतं. आहारतज्ज्ञ घडवणाऱ्या काही प्रशिक्षण जागांचा खर्चही कंपन्याच उचलतात.

(दृश्य : सोनोग्राफीच्या पडद्यावर मांजराचं हृदय.)

हे हृदय नीट पाहा. स्नायू पातळ, कप्पे फुगलेले. 1987 मध्ये कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या डेव्हिस इथल्या संशोधकांनी, पॉल पायन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी, याचं कारण दाखवून दिलं : टॉरिन या पोषक घटकाची कमतरता. ही मांजरं उकिरड्यावरचं खात नव्हती. बाजारात मिळणारं तयार खाद्यच खात होती, त्या वेळच्या मानकांत बसणारं. टॉरिन दिल्यावर बहुतेक हृदयं सावरली. मग कंपन्यांनी खाद्यातलं टॉरिन वाढवलं आणि हा आजार दुर्मीळ झाला. तयार खाद्यावर शंका घेणारा अभ्यासक विद्यापीठात होता, म्हणून हे घडलं. असे अभ्यासक टिकायचे तर आहारशास्त्राच्या प्राध्यापकाचा पगार, त्याची प्रयोगशाळा आणि त्याचं पुस्तक, तिन्हींचा खर्च महाविद्यालयानंच करायला हवा.

(दृश्य : दवाखान्याचा काउंटर, मागे खाद्याच्या पिशव्या.)

पदवीनंतरचा डॉक्टर या काउंटरमागे उभा राहतो आणि जे शिकला तेच सुचवतो. पैसे प्राण्याचा मालक भरतो.

(दृश्य : दवाखान्याची पाटी, मग पदवीदान.)

रॉयल कॅनिन हा कुत्र्यामांजरांच्या खाद्याचा ब्रँड मार्स कंपनीचा. त्याच मार्सनं 2017 मध्ये व्हीसीए ही प्राण्यांच्या दवाखान्यांची साखळी सुमारे 9.1 अब्ज डॉलरना घेतली. बॅनफिल्ड आणि ब्ल्यूपर्ल या साखळ्या आधीपासूनच तिच्याकडे होत्या. आज पदवी घेणाऱ्यांतल्या कित्येकांची पहिली नोकरी अशाच एखाद्या दवाखान्यात असेल.