पिस्टन टपालाने आला

(दृश्य: अंधारी पहाट. बर्फाने झाकलेली गल्ली. शेवटच्या घराच्या गॅरेजमधून येणारा उजेड.)

डिसेंबरचा तिसरा आठवडा. विस्कॉन्सिनमध्ये सकाळचे साडेसहा वाजलेत आणि बाहेर अजून काळोख आहे. रात्रभर बर्फ पडलाय. बहुतेक घरांवर नाताळच्या दिव्यांच्या माळा आहेत, पण घरं झोपलेली आहेत. जाग आहे ती फक्त त्या शेवटच्या गॅरेजमध्ये.

आत लाकडाची शेगडी पेटली आहे. तिच्यावर कॉफीचं भांडं, आणि भांड्याशेजारी एक बेअरिंग तापत ठेवलंय. बेअरिंग तापलं की किंचित फुगतं आणि शाफ्टवर अलगद बसतं, हातोडा लागत नाही. हे मला या गॅरेजमध्ये कळलं.

गॅरेजचे मालक ८१ वर्षांचे आहेत. सगळी हयात एका कारखान्याच्या टूलरूममध्ये गेली. मी त्यांच्यापासून चार घरं सोडून राहतो आणि त्यांना ‘आजोबा’ म्हणतो. त्या शब्दाचा अर्थ मी त्यांना सांगितला आहे. आता मी नुसतं नाव घेऊन हाक मारली तर ते लगेच वर बघत नाहीत.

(दृश्य: लाकडी ठोकळ्यांवर उभा केलेला, अर्धा उघडा ट्रॅक्टर. पिवळा रंग, पांढरी चाकं.)

मध्यभागी ठोकळ्यांवर उभा आहे तो ‘कब कॅडेट’. इंटरनॅशनल हार्वेस्टर कंपनीने केंटकी राज्यातल्या लुईव्हिलच्या कारखान्यात बनवलेलं पहिलं मॉडेल, १९६१ सालचं. सात हॉर्सपॉवर, एकच सिलिंडर.

याला इथे गार्डन ट्रॅक्टर म्हणतात. आपल्याकडे ट्रॅक्टर म्हटलं की जे डोळ्यांपुढे येतं, त्याच्या हा गुडघ्याएवढा. पण याला गवत कापायचं यंत्र म्हटलेलं आजोबांना खपत नाही. गवत कापायचं यंत्र गवतच कापतं. हा नांगर ओढतो, बर्फ ढकलतो, लाकडं वाहून आणतो. दुसऱ्या महायुद्धानंतर अमेरिकेत शहरांबाहेर नव्या वसाहती उभ्या राहिल्या. घरामागे एखादा बिघा जमीन, तिच्यात हिरवळ आणि भाजीचे वाफे. एवढ्याशा जागेला मोठा ट्रॅक्टर परवडत नव्हता आणि हाताने काम उरकत नव्हतं. त्या गरजेतून ही यंत्रं आली.

आणि त्यातली कितीतरी या एका टापूत बनली. इथून गाडी काढली तर तासा-दीड तासात सगळी गावं होतात. सरोवराच्या काठावरचं पोर्ट वॉशिंग्टन, जिथे बोलेन्स आणि सिम्प्लिसिटी असे दोन कारखाने एकाच छोट्या गावात होते. होरिकन, जिथे जॉन डिअरने १९६३ साली आपला पहिला गार्डन ट्रॅक्टर काढला, मॉडेल ११०. वेस्ट अ‍ॅलिस, जिथे नारिंगी रंगाच्या अ‍ॅलिस-चामर्सचं घर होतं. आणि कोहलर हे गाव. कोहलर कंपनीवरूनच त्या गावाचं नाव पडलं. या कब कॅडेटचं इंजिन कोहलरचं, के-१६१. म्हणजे इंजिन इथून केंटकीला गेलं, ट्रॅक्टर होऊन माघारी आलं, आणि आता जन्मगावापासून तासाभराच्या अंतरावर शेगडीच्या उबेला उभं आहे.

(दृश्य: बॉनेटच्या पुढच्या बाजूचा बिल्ला. त्यावरची दोन इंग्रजी अक्षरं, आय आणि एच.)

या बिल्ल्यापाशी मी पहिल्या दिवशी थबकलो होतो. ही दोन अक्षरं माझ्या ओळखीची होती.

सांगली जिल्ह्यातल्या आमच्या गावात मी लहान असताना एक लाल ट्रॅक्टर होता, बी-२७५. १९६३ साली महिंद्रा, व्होल्टास आणि शिकागोची हीच इंटरनॅशनल हार्वेस्टर यांनी मिळून इंटरनॅशनल ट्रॅक्टर कंपनी ऑफ इंडिया काढली. कारखाना मुंबईत, कांदिवलीला. आमच्याकडे पेरणीच्या दिवसांत ज्याच्या आवाजाने गाव उठायचं, तो ट्रॅक्टर आणि हा अंगणातला पिवळा बुटका, दोघे एकाच घराण्यातले. आजोबांना हे सांगितलं तेव्हा त्यांनी हातातला पाना खाली ठेवला आणि बी-२७५ ला किती गिअर होते, गिअरचा दांडा कुठे होता, असं एकेक विचारत राहिले. मला निम्मंच आठवत होतं. रात्री गावी काकांना फोन लावून उरलेलं विचारून घेतलं.

ते घराणं आता नाही. इंटरनॅशनल हार्वेस्टरने कब कॅडेटचा धंदा १९८१ साली दुसऱ्या कंपनीला विकला, आणि चारच वर्षांत शेतीच्या यंत्रांचा सगळा विभागही हातचा गेला. इतरांचंही तेच. इंडियाना राज्यातल्या साउथ बेंडला पाँड नावाच्या बापलेकांनी १९४६ साली सुरू केलेली लाल ट्रॅक्टरांची ‘व्हील हॉर्स’ कंपनी १९७४ मध्ये अमेरिकन मोटर्सने घेतली, १९८६ मध्ये टोरोने. पुढे ते नावच मिटलं. त्याच साउथ बेंडमध्ये १९६३ च्या डिसेंबरात, नाताळ तोंडावर असताना, स्टुडबेकर मोटारींचा कारखाना बंद झाला होता. त्या गावाने एक मोठा भोंगा थांबलेला ऐकला आणि त्याच वर्षांत घरोघरच्या अंगणांत लाल व्हील हॉर्स फिरताना पाहिली.

कंपन्या गेल्या, मालक बदलले, जुने भाग बनायचे थांबले. ट्रॅक्टर मात्र हजारोंनी शिल्लक आहेत. मग ते चालतात कसे?

(दृश्य: भिंतीवरच्या फळ्या. बिस्किटांचे, कॉफीचे, तंबाखूचे जुने डबे. प्रत्येकावर खडूने लिहिलेलं नाव.)

या डब्यांवर.

एकात कार्बोरेटरच्या सुया. एकात चाकांच्या हबच्या चाव्या. एकात ड्राइव्हशाफ्टच्या पिना, कारण या ट्रॅक्टरची चाकं पट्ट्यावर फिरत नाहीत, इंजिनापासून गिअरबॉक्सपर्यंत सरळ शाफ्ट जातो, आणि ती बोटाएवढी पिन झिजली की तिचं भोक लंबगोल होऊन सगळा ट्रॅक्टर खडखडतो. असे डबे देशभर हजारो गॅरेजांत आहेत. एखाद्याला काही हवं असलं की शोध सुरू होतो, आणि कुणाच्या तरी फळीवर ते सापडतं. मला या छंदात सगळ्यात थोर काही वाटत असेल तर ते हे, की एका माणसाचा निरुपयोगी डबा दुसऱ्याच्या बंद यंत्राचा जीव असतो, आणि दोघांनाही ते ठाऊक असतं.

या ट्रॅक्टरचंच बघा. वीस वर्षं एका पडक्या गोठ्यात उभा होता. सायलेन्सरच्या तोंडातून पावसाचं पाणी आत गेलं आणि पिस्टन सिलिंडरमध्ये गंजून बसला. इंजिन जाम.

जाम इंजिन सोडवणं हे ताकदीचं काम नाही. आजोबांनी अ‍ॅसिटोन आणि ऑटोमॅटिक गिअरचं तेल मिसळून सिलिंडरमध्ये ओतलं आणि झाकून ठेवलं. दुसऱ्या दिवशी फ्लायव्हील, म्हणजे इंजिनाचं जड चाक, हाताने थोडं पुढे, थोडं मागे. हललं नाही. पुन्हा तेल. असे नऊ दिवस. दहाव्या दिवशी संध्याकाळी फ्लायव्हील केसभर सरकलं. त्यांनी ते डोळ्यांनी पाहिलं नाही, तळव्याला कळलं. मी तिथे होतो. मला काहीच कळलं नव्हतं.

(दृश्य: प्लॅस्टिकचं पिंप, त्यात पाणी, बॅटरी चार्जरच्या दोन वायरी, पृष्ठभागावर बुडबुडे.)

पत्र्याच्या आणि लोखंडाच्या भागांचा गंज या पिंपात निघतो. पाण्यात धुण्याचा सोडा, म्हणजे सोडियम कार्बोनेट. चार्जरची ऋण वायर गंजलेल्या भागाला, धन वायर भंगारातल्या लोखंडी पट्टीला. रात्रभरात गंज सुटून येतो आणि खालचं लोखंड जसंच्या तसं राहतं. पट्टी स्टेनलेस स्टीलची कधीही घ्यायची नाही, पाण्यात विषारी क्रोमियम उतरतं. आणि बुडबुड्यांमधून हायड्रोजन निघतो, म्हणून हे पिंप शेगडीपासून दूर, बाहेरच्या छपराखाली. हे सांगताना आजोबांचा आवाज नेहमी चढतो.

इंजिन सुटलं, पण सिलिंडरला ओरखडे पडले होते. बोअर, म्हणजे सिलिंडरचा आतला व्यास, दहा थाऊने मोठा करावा लागला, म्हणजे इंचाच्या शंभराव्या भागाने. त्या मापाचा पिस्टन हवा. अडचण अशी, की के-१६१ च्या सुरुवातीच्या इंजिनांचा बोअर नंतरच्या इंजिनांपेक्षा इंचाच्या सोळाव्या भागाने लहान होता. हे सुरुवातीचं. दुकानात सहज मिळतो तो नंतरचा पिस्टन, इथे त्याचा उपयोग नाही.

नोव्हेंबर शोधण्यात गेला.

(दृश्य: टपालाने आलेलं खोकं. वर्तमानपत्रात गुंडाळलेला, न वापरलेला पिस्टन, रिंगांसह.)

डिसेंबरच्या पहिल्या आठवड्यात ओहायोहून हे खोकं आलं. पाठवणाऱ्याला आजोबा कधी भेटलेले नाहीत. आत पिस्टन, रिंगा, आणि घडी घातलेल्या कागदावर दोन ओळी. पहिलीत नाताळच्या शुभेच्छा. दुसरीत, पैसे पाठवू नका.

मी विचारलं, आता त्यांना काय पाठवायचं?

आजोबा म्हणाले, “त्यांना नाही. दुसऱ्या कुणाला तरी.”

वर्षभर हे चालतंच, पण डिसेंबरात त्याला उधाण येतं. बागा बर्फाखाली असतात, हात मोकळे असतात, गॅरेजं उबदार असतात. कुणी शेजाऱ्याच्या म्हाताऱ्या आईच्या दारातला बर्फ आपल्या जुन्या ट्रॅक्टरने बाजूला करून, काही न बोलता निघून जातं. कुणाचा नवरा गेलेला असतो, आणि ती बाई त्याचा ट्रॅक्टर विकत नाही, गावातल्या एखाद्या शिकाऊ पोराला बोलावून किल्ली देते. कॅलिफोर्नियात नापा खोऱ्यातल्या कॅलिस्टोगा गावी डिसेंबरात रोषणाई केलेल्या ट्रॅक्टरांची मिरवणूकच निघते, आणि जुने ट्रॅक्टर तिच्यात मानाने चालतात. ते पाहताना मला शिंगं रंगवलेले पोळ्याचे बैल आठवले.

(दृश्य: जुना फोटो. पांढरा गार्डन ट्रॅक्टर, नारिंगी बॉनेट, नारिंगी सीट.)

एक गोष्ट मात्र सावकाश सांगायची आहे. १९६९ च्या सुमारास जॉन डिअरने गार्डन ट्रॅक्टर पांढऱ्या अंगाचे आणि चार रंगांच्या बॉनेट-सीटचे काढले. पिवळा, नारिंगी, निळा आणि लाल. लोकांना ते रुचले नाहीत. जॉन डिअर म्हणजे गडद हिरवा, हे मनात पक्कं होतं. दोन-तीन वर्षांत ते रंग बंद पडले आणि त्यातले बरेच ट्रॅक्टर पुढे हिरव्या रंगाने झाकले गेले.

आजोबांच्या एका मित्राकडे असाच एक हिरवा होता. गेल्या हिवाळ्यात तो पॉलिश पेपरने बॉनेट घासायला बसला, आणि हिरव्याखालून नारिंगी निघाला. चाळीस-पन्नास वर्षं झाकलेला. त्याने काम थांबवलं, आजोबांना फोन केला, आणि एवढंच म्हणाला, या. बर्फात तासभर गाडी चालवून आम्ही गेलो. टिकलीएवढा नारिंगी रंग होता. आम्ही तिघे तो किती वेळ बघत होतो, मला सांगता येणार नाही.

(दृश्य: कामाच्या बाकावर वाकलेली अकरा वर्षांची मुलगी. हातात फीलर गेज, फट मोजायच्या पातळ पट्ट्या.)

ही आजोबांची नात. हा ट्रॅक्टर तिच्यासाठी आहे, आणि तो तिनेच जुळवायचा अशी अट आहे.

आज तिचं काम पॉइंट लावायचं. या इंजिनाला ठिणगी मिळते ती दोन छोट्या टोकांच्या उघडझापीतून. ती इंजिनाच्या बाहेरच्या अंगाला आहेत, फ्लायव्हील काढावं लागत नाही. कोहलरच्या या जुन्या इंजिनांवर मिस्त्री लोक जीव टाकतात त्याचं हे एक कारण. पॉइंट पूर्ण उघडले की मधली फट वीस थाऊ हवी, साधारण अर्धा मिलिमीटर. फीलर गेजची पट्टी आत सरकली पाहिजे, पण किंचित अडून. सैल नाही, घट्ट नाही. तिने स्क्रू आवळला की फट बदलते. पुन्हा सोडायचा, पुन्हा लावायचा. आजोबा हात मागे बांधून उभे आहेत. मदत करायची त्यांची फार इच्छा आहे, ते दिसतंय, आणि ते करत नाहीत.

सातव्या खेपेला पट्टी अडून सरकली. तिने कोऱ्या कागदाचा तुकडा पॉइंटमध्ये ओढून तेलाचा अंश पुसला, कारण बोटाचं तेल राहिलं तर पॉइंट काजळतात. हे तिला कुणी आज सांगितलेलं नाही.

(दृश्य: २४ डिसेंबर. सकाळ. गॅरेजचं दार सताड उघडं.)

सीट अजून मिळालेली नाही. मूळची कुजून गेली होती, आणि तशीच दुसरी अद्याप कुणाच्या माळ्यावरून उतरलेली नाही. म्हणून तिथे उलटी बादली बांधली आहे आणि वर घोंगडी. बॉनेटला नुसता प्रायमर आहे. पुढची जाळी लागली नाही.

यावर स्टार्टर आणि जनरेटर वेगळे नाहीत. एकच यंत्र आधी पट्ट्याने इंजिन फिरवतं, आणि इंजिन लागलं की त्याच पट्ट्यावर बॅटरी भरतं. नातीने चोक ओढला, बटण दाबलं. पट्टा किंचाळला, इंजिन दोनदा फिरून थांबलं. तिने आजोबांकडे पाहिलं नाही. चोक थोडा आत ढकलला, पुन्हा दाबलं.

(आवाज: सिंगल सिलिंडर इंजिन, संथ, एकेक ठोका मोजता येईल असं.)

ती बादलीवर बसून पहिल्या गिअरमध्ये अंगणाच्या कडेपर्यंत गेली आणि तिथून तिला वळता आलं नाही, कारण स्टीअरिंगमध्ये अजून बरंच ढिलं आहे. आजोबा चालत गेले आणि पुढचं चाक बुटाने सरळ केलं.

ते परत आले तेव्हा मी बाकापाशी एक खोकं चिकटवत होतो. आत कब कॅडेटची पुढची जाळी, भंगारातून आणलेल्या दुसऱ्या एका ट्रॅक्टरवरून काढलेली. आमच्या ट्रॅक्टरलाही तिची गरज होती. पण पेनसिल्व्हेनियात एकाने आधी विचारलं होतं. पत्ता मी लिहिला, आजोबांचा हात आता थरथरतो. आतली चिठ्ठी त्यांनी स्वतः लिहिली, मोठ्या वाकड्या अक्षरांत, दोन ओळी.

पोस्ट आज लवकर बंद होतं. मी खोकं घेऊन निघालो.