द्वारकेला जाताच आहात, तर नरारा पाहूनच या

तिवसा, आर्वी, धामणगाव... आपल्या वर्धा नदीकाठच्या गावांतून द्वारकेला जाणारी मंडळी काही कमी नाहीत. रुक्मिणी आपल्या कौंडण्यपूरची, म्हणजे द्वारका लेकीचं सासर, त्यामुळं जायचं नाव काढलं की घरातलं म्हातारं माणूस सगळ्यात आधी तयार होते. पण ती गाडी जामनगरवरून जाते, अन् जामनगरपासून साधारण साठ किलोमीटरवर नरारा आहे, हे लय कमी लोकांना माहीत आहे. मले मनापासून वाटते, आपल्या पोरांनी पहिला समुद्र इथंच पाहावा.

हे कच्छच्या आखातातलं मरीन नॅशनल पार्क, १९८२ मध्ये झालेलं, देशातलं पहिलं सागरी राष्ट्रीय उद्यान. प्रवाळ पाहायला इथं डुबकी मारावी लागत नाही. ओहोटीला पाणी मागं सरकते अन् आपण घोट्याएवढ्या, कुठं गुडघ्याएवढ्या पाण्यातून पायी चालत जायचं, गाईड पुढं, आपण मागं. हा दगड वाटते ना, नीट पाहा, ऑक्टोपस आहे तो, जागेसारखा रंग घेऊन बसलाय! पुढं स्टारफिश, खेकडे, फुगणारा पफर मासा.

म्हणून ट्रिपची तारीख भिंतीवरचं कालनिर्णय पाहून ठरवा. पुनवेला अन् अमावस्येला सूर्य-चंद्राची ओढ एका रेषेत येते, त्याच्या आसपासच्या दिवसांत पाणी सगळ्यात दूर जाते, अष्टमीच्या सुमारास तेवढं जात नाही. दिवस कालनिर्णय सांगते, वेळ मात्र भरती-ओहोटीच्या तक्त्यात पाहायची, कारण ती रोज साधारण ५० मिनिटं पुढं सरकते. भरतीत पोचलात तर नुसतं पाणीच दिसन.

वनखात्याची परवानगी लागते, ओळखपत्र सोबत ठेवा, अन् पायात पकड असलेले बंद बूट पायजेतच. अजून एक, पोरांना आधीच समजावून सांगा, प्रवाळ म्हणजे दगड नाई, बारीक बारीक जिवांची वस्ती आहे, वर पाय पडला की मोडते अन् पुन्हा वाढायला वर्षानुवर्षं जातात. फोटोसाठी कोणताच जीव पाण्याबाहेर काढायचा नाही, गाईड काढून दाखवत असला तरी नको म्हणा.

जामनगरजवळच खिजडिया पक्षी अभयारण्य आहे. आपल्या खारपाणपट्ट्यातल्या शेतकऱ्यानं तर इथं नक्की थांबावं. समुद्राचं खारं पाणी जमिनीत शिरू नये म्हणून संस्थानाच्या काळात इथं बांध घातला, एका बाजूला गोडं पाणी, दुसऱ्या बाजूला खारं, अन् म्हणून दोन्हीकडचे पक्षी एकाच जागी. हिवाळ्यात फ्लेमिंगो येतात, पेलिकन येतात.

मग द्वारका. रुक्मिणीचं देऊळ गावाबाहेर दोनेक किलोमीटरवर आहे, ते चुकवू नका. बेट द्वारकेला आता बोटीची वाट पाहायची गरज नाही, फेब्रुवारी २०२४ मध्ये सुदर्शन सेतू सुरू झाला, गाडी थेट बेटावर जाते.

जायला नोव्हेंबर ते फेब्रुवारी चांगलं, सोयाबीन घरात आलं की कापूस वेचणीच्या मधात सवड काढा. पुरी-ओखा अन् शालिमार-ओखा या गाड्या नागपूर, बडनेरा, अकोल्यावरून जातात, पण आठवड्यातून एकदाच, म्हणून त्यांचा वार अन् पुनव-अमावस्या जुळते का ते आधी पाहा. रिझर्व्हेशन ६० दिवस आधी उघडते. जातानाचं तिकीट जामनगरचं काढा, परतीचं द्वारकेहून.