वार गुरूचा, जिंकणं शिष्याचं

(जपानी तलवारघराण्यांवरील व्याख्यानाचं संपादित शब्दांकन)

काता, म्हणजे ठरवून दिलेल्या हालचालींचा क्रम, हा शब्द आपल्याकडे आला तो कराटेच्या क्लासमधून. शाळेच्या मैदानावर पांढऱ्या पोशाखातली पोरं रांगेत उभी राहून हवेत गुद्दे मारतात, वळतात, ओरडतात, आणि पुढचा पट्टा मिळतो. त्यामुळे काता म्हणजे एकट्याने पाठ करून म्हणून दाखवायची गोष्ट, असं आपल्या डोक्यात बसलेलं आहे. आज मी ज्यांच्याविषयी बोलणार आहे त्या जुन्या जपानी तलवारघराण्यांत चित्र निराळं आहे. म्यानातून तलवार उपसण्याचा भाग एकट्याने करायचा असतो, तो सोडला तर काता बहुतेक वेळा दोघांचा. आणि त्या दोघांपैकी कोण जिंकणार हे आधीच ठरलेलं असतं. इथेच लोकांचा हिरमोड होतो. सगळं ठरलेलंच असेल, तर ते लढणं कसलं?

प्रश्न रास्त आहे, आणि नवा तर अजिबात नाही. खुद्द जपानी तलवारबाज यावरून दीडशे-दोनशे वर्षं आपापसांत भांडले आहेत. त्या भांडणाकडे मी येणारच आहे, पण आधी घराणी बघू.

घराणं हा शब्द मी मुद्दाम वापरतोय. 1868 साली मेइजी सत्तांतर झालं आणि सामुराईंचं राज्य संपलं. त्याच्या आधी स्थापन झालेल्या युद्धविद्येच्या परंपरांना जपानमध्ये ‘कोर्यू’ म्हणतात. त्यांतली सर्वांत जुनी आणि अजून जिवंत असलेली एक म्हणजे तेन्शिन शोदेन कातोरी शिंतो-र्यू. र्यू म्हणजे घराणं. तोक्योच्या पूर्वेला चिबा प्रांतात कातोरीचं मोठं देवस्थान आहे. पंधराव्या शतकात ईझासा इएनाओ नावाच्या योद्ध्याने तिथे हजार दिवस अनुष्ठान केलं आणि त्याला देवाकडून विद्या मिळाली, अशी घराण्याची श्रद्धा. जवळच काशिमाचं देवस्थान आहे आणि तिथूनही तलवारीची परंपरा निघाली. नामवंत तलवारबाज त्सुकाहारा बोकुदेन तिथलाच. कातोरीच्या घराण्यात मारिशितेन या देवतेलाही मोठा मान आहे. ही आपल्याकडची बौद्ध देवता मारीची. चीनमार्गे जपानला गेली आणि तिथे योद्ध्यांची देवता झाली.

या घराण्यात प्रवेश करताना बोटाला टोचून, स्वतःच्या रक्ताची खूण करून शपथपत्र द्यायचं असतं. इथलं शिक्षण घरच्यांनाही सांगणार नाही, पूर्ण परवाना मिळेपर्यंत दुसऱ्या घराण्याच्या लोकांशी सामने करणार नाही, अशा अटी त्यात असतात. आपल्याकडे गाणं शिकताना गंडा बांधतात, त्याच जातीचा हा विधी. फक्त इथे फुटलेल्या गुपितामुळे माणूस जिवानिशी जाऊ शकत होता. चिबा प्रांताने 1960 मध्ये या विद्येची सांस्कृतिक ठेवा म्हणून नोंद केली. शपथ मात्र त्यानंतरही सुटली नाही.

इएनाओची एक कथा सांगितल्याशिवाय पुढे जाववत नाही. कोणी आव्हान द्यायला आलं की तो म्हणे बुटक्या बांबूच्या झुडपावर जाऊन बसायचा आणि पाहुण्याला म्हणायचा, या, बसा. झुडूप त्याच्याखाली वाकायचं नाही. पाहुणा ते बघून निघून जायचा. ऐतिहासिक पुरावा म्हणून या कथेची किंमत शून्य. पण ज्या घराण्याला तलवार न उपसता परत गेलेला शत्रू हाच मोठा विजय वाटतो, त्याच्या कातांकडे बघताना ही कथा माहीत असावी.

आता प्रत्यक्ष काता. दोघं समोरासमोर उभे राहतात. हातात ओकच्या लाकडाची तलवार, म्हणजे बोकुतो. ही खेळण्यातली नाही, मनगटावर बसली तर हाड मोडतं. अंगावर चिलखत नाही, डोक्यावर काही नाही. एकाला म्हणतात उचिदाची, दुसऱ्याला शिदाची. उचिदाची हल्ला करतो, शिदाची उत्तर देतो, आणि शेवटी शिदाची जिंकतो. कातोरीत या भूमिकांची नावं वेगळी आहेत, पण मांडणी हीच.

उचिदाची म्हणजे हरणारा. ही भूमिका कोणाची? ज्येष्ठाची. गुरूची, किंवा गुरू नसतील तर वरच्या शिष्याची. नवशिक्या जिंकतो आणि गुरू हरतो, रोज, वर्षानुवर्षं. माझ्या मते कातांचं सगळं मर्म इथे आहे आणि बघणाऱ्यांच्या नजरेतून नेमकं हेच निसटतं. आपण जिंकणाऱ्याकडे बघतो. त्याची झेप, त्याचा शेवटचा वार. खरं काम दुसरा माणूस करत असतो.

उचिदाची काय करतो ते नीट बघा. पहिलं म्हणजे त्याचा वार खरा असावा लागतो. शिष्याला लागू नये म्हणून त्याने वार थोडा बाजूला नेला, तर शिष्य न हलताही वाचेल आणि आपण काहीतरी बरोबर केलं असं त्याला वाटेल. खोट्या वाराला दिलेलं उत्तर खोटंच असणार, आणि ते अंगात मुरलं की काढणं फार कठीण. म्हणून वार सरळ कपाळावर यायला हवा. दुसरं, शिष्य चुकला तर तोच वार ऐनवेळी थांबवता आला पाहिजे. पूर्ण जोराने आलेलं लाकूड कपाळापासून दोन बोटांवर थांबवणं, तेही समोरचा पुढे येत असताना, हे नवशिक्याचं काम नव्हे. तिसरं, शिष्य आज कुठे आहे हे ओळखून आपला वेग आणि अंतर किंचित वाढवायचं. महिन्याभरापूर्वी पुरेसा होता तो वेग आज पुरू द्यायचा नाही. हालचाली त्याच राहतात, पण शिष्यावरचा दाब वाढत जातो. बाहेरून बघणाऱ्याला पहिल्या वर्षीचा आणि दहाव्या वर्षीचा काता सारखाच दिसेल. आतल्या माणसाला विचारा.

या दाबाखाली शिकायचं काय? डावपेच तर खरेच, पण ते पुस्तकातही लिहिता येतात. मुख्य गोष्ट अंतर. तलवारीची पोच किती, आपलं एक पाऊल किती, समोरचा आत्ता टप्प्यात आहे की अजून चार बोटं बाहेर, हे डोळ्याला आणि पायाला एकदम कळलं पाहिजे. नंतर वेळ. आणि शेवटी झान्शिन: काता संपल्यावरही, मागे सरताना, नजर आणि टोक समोरच्यावरून हलत नाही. पडलेला माणूसही वार करू शकतो.

इत्तो-र्यू घराण्याचं उदाहरण घेऊ, कारण काता कशासाठी असतो हे त्याच्याइतकं स्वच्छ दुसरीकडे दिसत नाही. इतो इत्तोसाई हा मूळपुरुष. त्याचा शिष्य ओनो तादाआकी तोकुगावा शोगुनांच्या, म्हणजे जपानवर राज्य करणाऱ्या सेनापतींच्या, पदरी तलवारशिक्षक होता. या घराण्याचा गाभा म्हणजे किरिओतोशी. समोरचा तुमच्या डोक्यावर सरळ वार करतो. तुम्ही बाजूला होत नाही, अडवत नाही, मागे सरत नाही. त्याच क्षणी, त्याच रेषेत, तुम्हीही सरळ वार करता. तुमची रेषा अचूक असेल तर तुमच्या पात्याचा जाड भाग त्याचं पातं बाजूला सारतो आणि तुमचं टोक त्याच्यावर पोचतं. बचाव आणि हल्ला मिळून एकच हालचाल. रेषा केसभर चुकली की दोघंही मेलात, किंवा तुम्ही एकटे.

डोक्यावर वार येताना माणूस स्वभावतः काय करतो? मान आखडतो, हात वर घेतो, मागे झुकतो. मोकळ्या लढतीत सोडलं तर तो हेच करत राहील, आणि चपळ असेल तर जिंकेलही. म्हणजे त्याचा जुना स्वभाव आणखी पक्का होईल. मोकळी लढत तुम्हाला येतं तेच तुमच्याकडून करून घेते. शरीर जे करायला नाकारतं ते करायला लावायचं असेल, तर वार कुठून येणार हे ठरलेलं हवं, उत्तर ठरलेलं हवं आणि समोर भरवशाचा माणूस हवा. म्हणून हा काता. इत्तो-र्यूच्या पहिल्या मोठ्या संचात असे पन्नास आहेत. हरणाऱ्याच्या हातात ओनिगोते नावाचे जाडजूड हातमोजे असतात, शिष्याने मनगटावर खराखुरा वार करावा म्हणून. गुरूने मार खायची सोय करून ठेवली आहे.

कातोरीचे काता याहून लांब. वारामागून वार, लाकडावर लाकूड आपटतंय, बघायला जोरदार. पण या घराण्याचे विख्यात शिक्षक ओताके रिसुके यांनी सांगितलेली गोष्ट अशी की जिथे तलवार तलवारीवर आपटताना दिसते, तिथे खरा वार बहुधा शरीरावर असतो: मनगटाच्या आतली बाजू, मान, काख, मांडीचा आतला भाग, म्हणजे चिलखत जिथे झाकत नाही त्या जागा. सरावात त्या जागेऐवजी समोरची तलवार लक्ष्य केली जाते. त्यामुळे माणूस मरत नाही, काता पुढे चालू राहतो, दमसास वाढतो. आणि कुंपणावरून चोरून बघणाऱ्याला भलतंच काहीतरी दिसतं. मला यातला शेवटचा भाग फार आवडतो. सगळ्यांसमोर केलं तरी गुपित ते गुपितच.

दक्षिणेकडच्या सात्सुमामध्ये, आजच्या कागोशिमात, जिगेन-र्यूवाल्यांनी निराळीच वाट धरली. जमिनीत उभा पुरलेला ओंडका, आणि त्याच्यावर किंचाळत, धावत जाऊन, दमछाक होईपर्यंत वार. पहिल्या वारावर शंका घ्यायची नाही, एवढंच तत्त्व. त्यांच्याकडेही काता आहेत, पण कणा ओंडक्याचा.

आता ते भांडण. तोकुगावांच्या काळात लढाया संपल्या. 1615 मध्ये ओसाकाचा किल्ला पडला आणि पुढची दोन शतकं तलवार बरीचशी कमरेलाच राहिली. युद्ध बघितलेली पिढी गेली, शिष्यांची संख्या वाढली, काताही वाढले, हातवारे सुबक झाले. वार खरा असावा लागतो असं मी म्हटलं, तो खरा राहिला नाही. फुलांसारखी शोभेची तलवारबाजी, अशी टीका खुद्द त्या काळातल्या लोकांनी केली आहे.

त्यावर उपाय निघाला तो साधनांचा. कामिइझुमी नोबुत्सुना याने सोळाव्या शतकातच चिरलेला बांबू कातडी पिशवीत घालून सरावाची तलवार केली होती. 1563 मध्ये नारा शहराजवळचा याग्यू मुनेयोशी त्याच्याकडून हरला आणि शिष्य झाला, त्यातून याग्यूंचं शिंकागे-र्यू उभं राहिलं. त्या घराण्यात काताही याच कातडी-बांबूने करतात, म्हणजे शिष्याच्या अंगावर वार सोडता येतो. 1710च्या दशकात नागानुमा कुनिसातो याने मुखवटा आणि हातमोजे सुधारले. त्या शतकाच्या मध्यावर इत्तो-र्यूच्याच एका शाखेत नाकानिशी चुझोने चिलखत चढवून बांबूच्या तलवारींनी मोकळ्या लढती सुरू केल्या. तरुणांची झुंबड उडाली, ते साहजिकच होतं.

नाकानिशींच्या त्या आखाड्यात तेरादा मुनेआरी नावाचा एक हट्टी गृहस्थ होता. त्याला हा प्रकार मान्य नव्हता. तो फक्त काताच करायचा. एकदा तरुणांनी त्याला डिवचलं. तो म्हणाला, तुम्ही चिलखत घालून या, मी उघड्या अंगाने लाकडी तलवार घेऊन उभा राहतो. असं सांगतात, की समोरच्याने डोक्यावर मारायचं मनात आणलं की तेरादा बोलून दाखवायचा: आता तू डोक्यावर येणार, मी तुझी तलवार वर सरकवून बरगडीत मारणार. मनगटाचा विचार केला की त्याचंही उत्तर आधीच. मुलं एकामागून एक परत गेली. कथा कातावाल्यांनी सांगितलेली आहे, तेव्हा विश्वास जरा जपूनच ठेवा. पण याच आखाड्यातून चिबा शुसाकूही निघाला, ज्याने मोकळ्या लढतीसाठी 68 डाव नीट रचून शिकवले आणि एदोमध्ये, म्हणजे आजच्या तोक्योत, प्रचंड शिष्यवर्ग जमवला. म्हणजे एकाच छपराखाली दोन्ही प्रकारचे उत्तम लोक तयार झाले. माझा कल कुठे आहे तो तुम्हाला कळलाच असेल, तरी तरुणांची तक्रार खोटी नव्हती हे मान्य करायला हवं. काता मेलेला असेल तर बांबूची लढत हजारपट बरी.

पुढचं थोडक्यात. 1876 मध्ये सामुराईंना कमरेला तलवार लावून फिरायची बंदी झाली. 1895 मध्ये क्योतोत बुतोकुकाई ही संस्था निघाली आणि 1912 मध्ये वेगवेगळ्या घराण्यांच्या जाणत्यांनी मिळून केंदोसाठी, म्हणजे बांबूच्या तलवारीच्या आधुनिक खेळासाठी, दहा काता ठरवले, सात लांब तलवारीचे आणि तीन आखूड तलवारीचे. ते आजही केंदोच्या परीक्षेत असतात. परीक्षेसाठी पाठ केलेल्या गोष्टीचं जे होतं ते त्यांचंही पुष्कळ ठिकाणी होतं.

श्रोत्यांतून एक चिठ्ठी आली आहे: व्हिडिओ बघून हे काता इथे शिकता येतील का? हालचाली येतील. लाकडी तलवार करून घेता येईल, ओक नसला तरी सागाची किंवा शिसवीची. वार सरळ पडेल, पायही बसतील. पण दोघांनी व्हिडिओ बघून शिकायचं ठरवलं, तर दोघांनाही जिंकणाऱ्याचीच बाजू करावीशी वाटेल, आणि हरणाऱ्याची बाजू करायला लागणारी पंचवीस-तीस वर्षं दोघांकडेही नसतील. कातोरीने परदेशी शिष्य घेतले आहेत. डॉन ड्रेगर हा अमेरिकन माणूस विसाव्या शतकात तिथे जाऊन शिकला. तो गेला तिकडे, आणि राहिला. जपानला जाणं जमलं, तर दर वर्षी 3 नोव्हेंबरला तोक्योत मेइजी देवस्थानात जुन्या घराण्यांची प्रात्यक्षिकं असतात. मोकळ्या मैदानावर, तिकिटाशिवाय. लवकर जा, आणि हरणाऱ्याच्या बाजूला जागा धरा.