पावतीपुस्तक गावाच्या हातात

(कोल्हापुरात दिलेल्या व्याख्यानाचं संपादित शब्दांकन)

मित्रहो, भगिनींनो,

आजच्या विषयाचं पत्रिकेवरचं नाव ‘लोकसहभागातून निसर्ग पर्यटन’ असं आहे. मला त्यातला एकच मुद्दा तुमच्यापुढे ठेवायचा आहे. जंगल बघायला माणसं येतात, पैसे मोजतात. त्या पैशांचं पावतीपुस्तक कुणाच्या हातात आहे? ते गावाच्या हातात असेल तर जंगल राखायला माणसं उभी राहतात. ते बाहेरच्याच्या हातात गेलं, तर गावाला जंगल परकं होतं आणि मग ते कुणीच राखू शकत नाही. कितीही पहारेकरी नेमले तरी नाही.

आधी थोडं लांब जाऊन येऊ. भूतानच्या पायथ्याशी आसामात मानसचं जंगल आहे. १९८५ साली त्याला जागतिक वारशाचा दर्जा मिळाला आणि पुढच्या सातच वर्षांत, १९९२ मध्ये, त्याचं नाव ‘धोक्यातील वारसा’ यादीत गेलं. वेगळ्या राज्यासाठी चाललेल्या बोडो आंदोलनाचा तो काळ. वनखात्याच्या चौक्या ओस पडल्या, झाडं तोडली गेली, शिकार बोकाळली आणि मानसमधला गेंडा संपला. २००३ साली बोडो करार झाला. त्याच सुमाराला जंगलाच्या पूर्वेकडच्या भागात स्थानिक बोडो तरुणांनी एक संस्था काढली, तिचं नाव मानस माओझिगेंद्री इकोटुरिझम सोसायटी. या तरुणांनी कुणाला बरोबर घेतलं असेल? काल-परवापर्यंत जे शिकार करत होते, त्यांनाच! बंदुका खाली ठेवून तीच माणसं गस्त घालू लागली, येणाऱ्या पाहुण्यांना जंगल दाखवू लागली. शिकाऱ्याला जनावराच्या वाटा माहीत असतात, पाणवठे माहीत असतात आणि दुसरा शिकारी कुठून येईल हेही माहीत असतं. पुढे सरकारी योजनेतून बाहेरून गेंडे आणून सोडले गेले आणि २०११ मध्ये मानस त्या धोक्याच्या यादीतून बाहेर आलं. हे सगळं एका संस्थेनं केलं असं मी म्हणणार नाही. शांतता आली, सरकारी यंत्रणा परत उभी राहिली, हे त्यात आहेच. पण गावं विरोधात असती तर यातलं काहीही टिकलं नसतं.

केरळातल्या पेरियारची गोष्ट मला याहून जवळची वाटते, कारण तिथे व्यवहार फार बारकाईनं बांधला गेला. रानातल्या दालचिनीची साल चोरून नेणाऱ्या टोळ्या तिथे होत्या. दिवसचे दिवस जंगलात राहायचे, साल सोलायचे, रातोरात डोंगर उतरायचे. डोक्यावर खटले, घरात कर्ज आणि खरा नफा व्यापाऱ्याच्या घरी. नव्वदच्या दशकात परिसर विकास प्रकल्प आला, तेव्हा वनखात्यातल्या काही जाणत्या अधिकाऱ्यांनी या लोकांशी बोलणी केली. त्यांचा गट बांधला, त्यांना प्रशिक्षण दिलं आणि पर्यटकांना जंगलात पायी नेऊन मुक्काम करून आणण्याचं काम त्यांच्याकडे सोपवलं. पर्यटक बरोबर असतानाच त्यांची गस्तही होते. एका फेरीत दोन कामं. मिळकतीतला वाटा सामाईक निधीत जातो. तिथल्या बायकांनीही स्वतःचं पथक केलं, वसंत सेना नावाचं, आणि त्या पाळीपाळीनं बिनपगारी गस्त घालतात. पैसा मिळतो म्हणून माणूस जंगल राखतो, हे अर्धंच खरं आहे. मान मिळतो म्हणून राखतो, हे उरलेलं अर्धं. ज्याला काल चोर म्हणून हाकललं, त्यालाच आज पाहुणा ‘पुढे काय आहे हो?’ असं विचारतो. याची किंमत रुपयांत सांगता येत नाही.

नागालँडमधल्या खोनोमा गावाचं फक्त नाव घेऊन पुढे जातो. शिकार ही ज्यांच्या रीतिरिवाजातली गोष्ट, त्या अंगामी लोकांच्या ग्रामसभेनं १९९८ साली स्वतःच शिकारबंदी केली आणि ट्रॅगोपान या दुर्मीळ पक्ष्यासाठी गावाचं स्वतःचं अभयारण्य जाहीर केलं. तिथे जाणारा पाहुणा गावाचं शुल्क भरतो, गावाचा वाटाड्या घेतो, गावातल्या घरात उतरतो.

आता आपल्या दारात येऊ.

राधानगरी-दाजीपूरचं जंगल हे संस्थानकाळात शिकारीचं राखीव रान होतं. १९५८ साली गव्यांसाठी ते दाजीपूर अभयारण्य झालं, १९८५ मध्ये वाढवून राधानगरी अभयारण्य झालं. क्षेत्रफळ ३५१ चौरस किलोमीटर. २०१२ मध्ये पश्चिम घाटातल्या ज्या ३९ ठिकाणांना जागतिक वारसा म्हणून मान्यता मिळाली, त्यात ते आहे. उत्तरेला चांदोली-कोयनेचा सह्याद्री व्याघ्र प्रकल्प, दक्षिणेला तिलारी, गोवा, कर्नाटक. वाघाला या डोंगररांगेतून खाली-वर जायचं तर राधानगरी ओलांडूनच जावं लागतं.

आणि या शहराचं त्या जंगलाशी नातं काय? शाहू महाराजांनी राधानगरीचं धरण बांधायला घेतलं ते भोगावतीवर. भोगावतीचं पाणी दाजीपूरच्या रानातून येतं. आता काळम्मावाडीची थेट पाईपलाईन आली, म्हणजे दूधगंगेचं पाणी आपल्या नळाला आलं. तेही त्याच डोंगरातलं. आपण रोज सकाळी तोंड धुतो ते त्या जंगलाच्या पाण्यानं. त्या जंगलात आणि जंगलाच्या कडेला जी माणसं राहतात, धनगरवाड्यांवरची, ओलवण-दाजीपूरकडची, त्यांच्या वाट्याला काय येतं? रात्री गवा भातात उतरतो. एक टनाच्या घरात वजन जाणारं जनावर ते, आणि कळपानं येतं. एका रात्रीत वर्षाची कणगी रिकामी. नुकसानभरपाईसाठी पंचनामा, कागद, हेलपाटे. चांदोलीच्या लोकांना तर गावंच सोडावी लागली आणि पुनर्वसनाच्या प्रश्नांसाठी ते वर्षानुवर्षं आंदोलन करत आले. जंगलासाठी गावकऱ्याला बाहेर काढायचं आणि त्याच जंगलात शहरातल्या गाडीला आत सोडायचं, हे त्यांना कसं समजावणार? मला हा प्रश्न झोपू देत नाही.

शनिवार-रविवारी आपल्या गाड्या तिकडे जातात, तेव्हा पैसा कुठे जातो ते नीट बघा. तंबू शहरातला, ठेकेदार शहरातला, पाण्याच्या बाटल्यांचे बॉक्स कोल्हापुरातून घेतलेले, कोंबडी बॉयलर, तीही इथूनच नेलेली. कारण आपल्याला दाजीपुरातही तांबडा-पांढराच लागतो! गावाच्या वाट्याला राहतो लाकूडफाटा, राबणूक आणि दुसऱ्या दिवशीचा कचरा. ज्या घरात नाचणीची भाकरी, कुळथाचं माडगं, पावसाळ्यात भारंगी-टाकळ्याची भाजी, उन्हाळ्यात करवंदं-जांभळं आहेत, त्या घरची बाई बाजारातून मसाला आणून आपल्यासाठी रस्सा करते आणि तिच्या हातात उरतं फार थोडं. आपण तिच्या घरचं खाल्लं तर पैसा गावातच राहील. माझ्या मते पर्यटनाचं अर्धं अर्थशास्त्र या ताटात आहे.

काजव्यांचंही तेच. मे महिना संपता संपता, वळवाच्या सरी पडल्यावर राधानगरीच्या झाडांवर काजवे लुकलुकायला लागतात. तो प्रकाश म्हणजे नर-मादीची भेट ठरवण्याची खूण. त्यावर आपण गाडीचे दिवे आणि मोबाईलच्या बॅटऱ्या मारल्या की त्यांना एकमेकांची खूण दिसत नाही, जोडी जमत नाही, अंडी पडत नाहीत. वर निपाणी-देवगड रस्त्यावर रात्रीच्या गाड्या वाढतात आणि गवे तोच रस्ता ओलांडत असतात. बिथरलेल्या गव्याच्या मागे गर्दी लागली की काय होतं, ते पुण्यात २०२० च्या डिसेंबरमध्ये सगळ्या महाराष्ट्रानं पाहिलं. माणसं मागे धावली आणि ते जनावर जिवानिशी गेलं. किती गाड्या सोडायच्या, कुठे थांबवायच्या, कोणत्या रात्री कुणालाच सोडायचं नाही, हे वनखात्याबरोबर बसून ठरवण्याचा अधिकार गावाला हवा. ज्याला नुसती मजुरी मिळते तो गर्दीला नाही म्हणू शकत नाही. ज्याच्याकडे पावतीपुस्तक असतं, तो म्हणू शकतो.

हे चालवायचं कसं? लोक मला म्हणतात, आपल्याकडे असं कुठे काय आहे. अहो, कोल्हापूर जिल्ह्याला हे विचारायची गरज आहे का! १९६३ साली जिल्हा दूध संघ उभा राहिला. आज गावोगावी दूध संस्था आहे. दोन म्हशी असलेली बाई सकाळ-संध्याकाळ किटली घेऊन जाते, फॅट लागते, वहीत नोंद होते, दहा दिवसांनी बिल, दिवाळीला दरफरक. तिला आपला हिशेब तोंडपाठ असतो. मग पाहुण्यांचा मुक्काम याच पद्धतीनं का बांधता येऊ नये? गावाची एक संस्था. मुक्कामाची पाळी घरोघर फिरती, म्हणजे रस्त्याकडेच्या पक्क्या घरालाच सगळे पाहुणे, असं होणार नाही. पावती संस्थेची. घराचा वाटा, वाटाड्याचा वाटा, आणि एक वाटा सामाईक. या सामाईक पैशातून गव्यानं खाल्लेल्या शेताला सरकारी भरपाई येईपर्यंत उचल द्यायची आणि गुरांना लाळ्या-खुरकूतची लस वेळेवर टोचायची. गावची म्हैस आणि रानातला गवा एकाच पाणवठ्यावर येतात, तो रोग एकाचा दुसऱ्याला होतो. लस हा पर्यटनाचाच खर्च आहे, असं मी मानतो.

सहकारात काय बिघडतं, हेही याच जिल्ह्यानं पाहिलंय. चेअरमनच्या घरी संस्था जाते, मग भाऊबंदकी, मग गट-तट. जंगलाकडेच्या गावांत वनखात्यानं समित्या नेमलेल्या असतात, पण बऱ्याच ठिकाणी सचिव सरकारी आणि सभासद सहीपुरते. म्हणून हिशेब ग्रामसभेत मोठ्यानं वाचला गेला पाहिजे. धनगरवाड्यावरचा माणूस त्या सभेला असला पाहिजे, त्याला निरोप वेळेत गेला पाहिजे आणि निर्णय त्याच्या गैरहजेरीत झाला नाही पाहिजे. वाटाड्या म्हणून गावातलं शिकलेलं पोरगं पुढे येतं, ते चांगलंच आहे. पण रानाचं खरं ज्ञान त्याच्या आज्याकडे आहे. त्यालाही फेरीला न्या, त्यालाही मेहनताना द्या.

आणखी एक. हा धंदा जोडधंदाच राहू दे. पावसाळ्यात अभयारण्य बंद असतं आणि त्या महिन्यांत पाहुणा नसतो. करोनात तर महिनोन्महिने पाहुणा नव्हता. शेत पडीक टाकून, म्हशी विकून ज्यांनी खोल्या बांधल्या, त्यांचे हाल झाले. भात, नाचणी, दूध, मध, हिरडा हे चालू राहून वर पाहुण्यांचे चार पैसे येतील, एवढाच पसारा असावा.

या वर्षी एका गावानं, पाच-सहा घरांनी, सुरुवात करून बघावी. पावसाळ्यानंतर अभयारण्याचं फाटक उघडण्याआधी ग्रामसभा घ्यावी, वनखात्याच्या साहेबांना तिथे बोलवावं, आणि ठरलेले नियम व दर शाळेच्या भिंतीवर रंगवून टाकावेत. दर मात्र गावातल्या बायकांनी ठरवावेत. सरपण, पाणी, अंथरूण-पांघरूण आणि पहाटे उठून करायची राबणूक यांची किंमत त्यांनाच नेमकी ठाऊक असते.